पाठीवरची वेधशाळा : हौशी आकाशछायाचित्रणासाठी सुटसुटीत साधने आणि कॅमेऱ्याची जुळणी



रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र काढण्याची इच्छा कोणी व्यक्त केली, की त्याच्या मनात पहिला प्रश्न 'दुर्बीण कोणती घ्यावी?' हा असतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे आहे, की हा प्रश्न क्रमाने शेवटचा आहे. पहिला प्रश्न 'मला वर्षाकाठी किती रात्री मिळणार आहेत?' हा होय. त्याचे उत्तर एकदा कागदावर मांडले, की कोणते साधन घ्यावे आणि कोणते दुकानातच राहू द्यावे हे बहुतांशी आपोआप ठरते.

आपण हे गणित करून पाहू. जून ते सप्टेंबर हे चार महिने महाराष्ट्रात पावसाचे. उरले आठ महिने. मंद ताऱ्यांचे आणि आकाशगंगेचे छायाचित्र चंद्रप्रकाशात नीट येत नाही. म्हणून प्रत्येक महिन्यातील अमावास्येच्या आसपासचे मोजके दिवसच उपयोगाचे. आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकतात, आणि रविवारी संपर्कसत्र असते. म्हणजे अमावास्येच्या लगतचा एकेक शनिवार, असे वर्षभरात आठ किंवा फार तर नऊ शनिवार हाती लागतात. त्यांतून एखादा ढगांनी, एखादा घरच्या लग्नकार्याने आणि एखादा परीक्षेने नेला, की पाच-सहा रात्री शिल्लक राहतात. ज्या साधनासाठी स्वतंत्र वाहन लागते, दोन माणसे लागतात आणि मांडणीतच दीड तास जातो, ते या पाच-सहा रात्रींपैकी निम्म्या रात्री घरीच राहते. हौशी माणसाच्या माळ्यावर धूळ खात पडलेली दुर्बीण ही पुष्कळदा वाईट दुर्बीण नसते. ती केवळ जड असते.

म्हणून आपण एक मर्यादा आधीच आखून घेऊ : एका माणसाला पाठीवर घेऊन एस.टी.त चढता येईल एवढेच सामान. या मर्यादेत काय बसते आणि बसलेल्या साधनांकडून जास्तीत जास्त काय मिळवता येते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

'सुटसुटीत' या शब्दाचा अर्थ मात्र काळानुसार बदलत आला आहे, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खगोलशास्त्रज्ञांनी तळ ठोकले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला तेथे होते, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेची मोहीमही आली होती. या अमेरिकी मोहिमेने जहाजातून आणि आगगाडीतून आणलेल्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट होते. प्रवासाला नेता येणारा म्हणून तोही 'सुटसुटीत'च!

आपले आकाश : लाभ आणि अडचण

आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे तिच्या केंद्राचा परिसर, धनु राशीच्या दिशेला, खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २९ अंश दक्षिणेस आहे. पुण्याचे अक्षांश साधारण १८.५ धरले, तर हा भाग याम्योत्तर वृत्तावर येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ४२ अंश उंच असतो. लंडनहून पाहणाऱ्याला तोच भाग जेमतेम साडेनऊ अंशांवर, घरांच्या छपरांना टेकलेला दिसतो. परदेशी पुस्तकांतील सल्ले वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. तेथील लेखक ज्या दृश्यासाठी दूरचा प्रवास करतात, ते आपल्याला गावाबाहेरच्या माळावरून दिसते.

अडचण अशी, की हा भाग रात्रभर दिसण्याचा काळ जून-जुलै, म्हणजे नेमका आपल्या पावसाळ्याचा आहे. तेव्हा आपल्या वाट्याला दोन कडेच्या संधी येतात. मार्चच्या मध्यास आकाशगंगेचे केंद्र मध्यरात्रीनंतर दीड वाजण्याच्या सुमारास उगवते, आणि मेच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास. ही पहिली संधी. ऑक्टोबरच्या मध्यास काळोख पडल्यानंतर दीड-दोन तास ते नैर्ऋत्येस कललेले सापडते, ही दुसरी. मेमध्ये हवेत धूळ असते आणि किनारपट्टीवर दमटपणा. ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली, पण वेळ थोडा. माझी पसंती एप्रिलमधील पहाटेला आहे. नवशिक्याने मात्र आरंभ हिवाळ्यात, मृग नक्षत्रापासून करावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ते संध्याकाळीच वर आलेले असते, त्यातील तारे ठळक आहेत, आणि तेजोमेघासारखी एक खरोखर सुंदर वस्तू त्यात लपलेली आहे.

आकाशाच्या काळोखाची प्रत मोजण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी २००१ साली मांडलेली नऊ पायऱ्यांची श्रेणी वापरतात. पहिली पायरी निर्भेळ काळोखाची, नववी महानगराच्या मध्यभागाची. कॅमेऱ्यावर खर्च करण्यापूर्वी ही गोष्ट मनावर ठसवून घ्यावी, की आठव्या पायरीवरून चौथ्या पायरीवर जाणे हे कोणत्याही नव्या भिंगापेक्षा अधिक फळ देते. मुंबई परिसरातील आकाशप्रेमी अनेक वर्षे वांगणीला जात आले आहेत ते याच कारणाने. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळालेले ते भारतातील पहिले उद्यान होय. अर्थात प्रत्येकाने पेंचला जावे असे नाही. आपल्या तालुक्यातील मोठ्या गावाकडे पाठ करून उभे राहता येईल असा माळ शोधावा. दक्षिणेकडचे आकाश टिपायचे तर गावाच्या दक्षिणेस जावे, म्हणजे गावाचा उजेड मागे राहतो.

भिंगाचा आकडा आणि त्याची उलटी भाषा

आता कॅमेऱ्याकडे वळू. ज्याची भिंगे बदलता येतात असा कोणताही डिजिटल कॅमेरा चालतो. दहा वर्षांपूर्वीचा, वापरलेला असला तरी चालतो. अशा कॅमेऱ्यांपैकी सर्वसाधारण प्रकारात संवेदक सुमारे २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो, आणि त्याच्यासोबत १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग येते. पुढील सर्व गणिते आपण याच जोडीवर करू. कॅमेरा नसेल तर मोबाइलही निरुपयोगी नाही. अलीकडच्या काही मोबाइलमध्ये अनेक छोटी छायाचित्रे घेऊन ती एकत्र करणारी रात्रीची सोय असते. तो ट्रायपॉडवर घट्ट बसवला तर मृग नक्षत्राचे ओळखू येण्याजोगे चित्र मिळते. भिंगाची निवड मात्र मोबाइलमध्ये आपल्या हाती राहत नाही, आणि खरे शिक्षण तर तेथेच आहे.

भिंगावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये, आणि 'एफ' अक्षरानंतर एक आकडा. या दुसऱ्या आकड्याने नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो, आणि भाषेचा अभ्यासक या नात्याने मला त्याचे कारण उघड दिसते. आपण तो आकडा संख्या म्हणून वाचतो, पण तो अपूर्णांकाचा छेद आहे. एफ/४ म्हणजे 'नाभीय अंतराचा चौथा भाग', एफ/८ म्हणजे 'आठवा भाग'. पाव भाकरी अष्टमांशापेक्षा मोठी असते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. तसेच एफ/४ चे छिद्र एफ/८ च्या छिद्राहून मोठे असते. आकडा 'पावांश, अष्टमांश' असा मनात वाचण्याची सवय लावली, की गोंधळ उरत नाही.

याच व्याख्येवरून एक फार उपयोगी गणित निघते. १८ मिलिमीटरवर आपले भिंग एफ/३.५ पर्यंत उघडते. म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र १८ भागिले ३.५, सुमारे ५.१ मिलिमीटर व्यासाचे. आता ५० मिलिमीटर, एफ/१.८ हे साधे, झूम नसलेले भिंग घ्या. भिंगांच्या बाजारातील हे सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असून मुठीत मावते. त्याचे छिद्र ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. तारा हा बिंदू असल्यामुळे त्याचा किती प्रकाश गोळा झाला हे छिद्राच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून हे किरकोळ दिसणारे भिंग एका ताऱ्याचा प्रकाश दर सेकंदाला पहिल्याच्या सुमारे २९ पट गोळा करते. पूर्ण उघडल्यावर चित्राच्या कडेचे तारे पंख फुटल्यासारखे पसरतात, म्हणून आपण ते एफ/२.८ वर आणू. तरीही छिद्र १८ मिलिमीटरच्या आसपास राहते आणि लाभ १२ पटींचा उरतो.

याची किंमत दृश्याच्या विस्ताराने मोजावी लागते. १८ मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे ६६ अंश आकाश पाहते, ५० मिलिमीटरचे सुमारे २६ अंश. आकाशगंगेचा पट्टा आणि खालचा डोंगर एकत्र हवा असेल तर पहिले; मृग नक्षत्र हवे असेल तर दुसरे. काक्षीपासून राजन्यापर्यंतचे अंतर १९ अंशांच्या आत आहे, त्यामुळे संपूर्ण मृग ५० मिलिमीटरच्या चौकटीत आरामात बसते. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील, तर माझा सल्ला निःसंदिग्ध आहे : ते या भिंगावर करावेत.

दुर्बिणीचे काय, असे कोणी विचारेल. चंद्र आणि ग्रह यांच्यासाठी छोटी दुर्बीणही चांगली. मात्र तेजोमेघांच्या छायाचित्रासाठी ती का नको, हे पुढच्या भागातील गणितानेच स्पष्ट होईल.

ट्रायपॉडविषयी थोडक्यात सांगतो. तो हलका असावा, पण डळमळीत नसावा. मधला दांडा वर काढू नये, पाय शक्य तितके कमी उंच ठेवावेत, आणि मध्यभागी असलेल्या आकड्याला दगडांनी भरलेली पिशवी जमिनीला किंचित टेकेल अशी अडकवावी. दगड जागेवर मिळतात. ते पाठीवर न्यावे लागत नाहीत.

पृथ्वी फिरते, म्हणून

कॅमेऱ्याचा पडदा जितका वेळ उघडा राहतो त्याला आपण उद्भासनकाल म्हणू. काळोखात तो लांब हवा हे उघड आहे. पण पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. मृगाच्या मधले तीन तारे याच पट्ट्यात येतात. उद्भासनकाल वाढला की ताऱ्याची रेघ होते.

किती काळ चालेल, याचा एक जुना ठोकताळा आहे : ५०० ला नाभीय अंतराने भागावे. आपल्या लहान संवेदकासाठी आधी नाभीय अंतराला १.५ ने गुणावे. १८ मिलिमीटरसाठी उत्तर सुमारे साडेअठरा सेकंद येते. हा ठोकताळा फिल्मच्या आणि मोठ्या पिक्सेलच्या काळाला साजेसा होता. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या संवेदकावर एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रोमीटरचा असतो. १८ मिलिमीटरच्या भिंगामागे तो जवळजवळ ४५ विकला एवढे आकाश व्यापतो. साडेअठरा सेकंदांत तारा २७८ विकला सरकतो, म्हणजे सहा पिक्सेल. मोबाइलच्या पडद्यावर हे खपते. छापील चित्रात खटकते.

अधिक काटेकोर सूत्र असे : एफ-आकड्याला ३५ ने गुणावे, पिक्सेलच्या मायक्रोमीटरमधील आकाराला ३० ने गुणावे, दोन्हींची बेरीज करावी आणि तिला नाभीय अंतराने भागावे. १८ मिलिमीटर, एफ/३.५ साठी १२२.५ अधिक ११७, भागिले १८. उत्तर सुमारे १३ सेकंद. ५० मिलिमीटर, एफ/२.८ साठी ९८ अधिक ११७, भागिले ५०; उत्तर सव्वाचार सेकंद, म्हणून आपण ४ धरू. येथे चाणाक्ष विद्यार्थी हरकत घेईल, की छिद्र मोठे असले तरी वेळ घटला. हरकत रास्त आहे. १२ पटींचा लाभ वेळेच्या घटीमुळे चौपटीच्या आसपास येतो. पण चौपट हेही थोडे नव्हे.

आता ५०० मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीचा विचार करा. जुन्या सैल ठोकताळ्यानेही ५०० भागिले ७५०, म्हणजे सेकंदाच्या दोन तृतीयांशाइतकाच वेळ मिळतो. ताऱ्यांमागे अचूक फिरणारा जड आधार नसेल तर अशा दुर्बिणीतून तेजोमेघ टिपणे व्यर्थ, आणि तो आधार असेल तर आपले सामान एस.टी.त चढत नाही.

ताऱ्यांमागे फिरणारी फळी

मधला मार्ग आहे. कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्या मध्ये बसणारी, कॅमेऱ्याला पृथ्वीच्या उलट दिशेने संथपणे फिरवणारी छोटी यंत्रे मिळतात. त्यांना स्टार ट्रॅकर म्हणतात. स्काय-वॉचर कंपनीचा 'स्टार ॲडव्हेंचरर' हा त्यांतील परिचित नमुना, सुमारे ५ किलो भार पेलणारा. मूळ यंत्र किलोभराचे असले तरी त्याचा पाचरीसारखा आधार, प्रतिभार आणि दांडा धरला की पाठीवरचे ओझे चांगलेच वाढते. भिंग ५० मिलिमीटरचेच असेल तर प्रतिभार घरी ठेवता येतो.

मला मात्र विद्यार्थ्यांना वेगळी गोष्ट सुचवावीशी वाटते. जॉर्ज हेग या स्कॉटिश गृहस्थांनी १९७० च्या दशकात मांडलेली एक साधी युक्ती आहे. दोन फळ्या एका बिजागरीने जोडायच्या. खालची ट्रायपॉडवर, वरचीवर कॅमेरा. बिजागरीपासून ठरावीक अंतरावर खालच्या फळीतून आट्यांचा दांडा वर जातो आणि तो फिरवला की वरची फळी हळूहळू उघडते. सहा मिलिमीटर जाडीच्या प्रचलित दांड्याचे आटे एका फेरीत एक मिलिमीटर पुढे सरकतात. दर मिनिटाला एक फेरी दिली तर बिजागरीच्या खिळीपासून दांडा किती अंतरावर हवा? पृथ्वी एका मिनिटात ०.००४३७५ रेडियन वळते. एक मिलिमीटरला या संख्येने भागले की २२८.६ मिलिमीटर येतात. एवढेच अंतर अचूक साधायचे. बाकी काम गावचा सुतार एका दुपारी करून देतो. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत दर १५ सेकंदांना दांड्याला पाव फेरी द्यायची. दांडा सरळ आणि फळी वर्तुळात फिरणारी, त्यामुळे फार वेळ चालवल्यास चूक साचते. पण दहा मिनिटांच्या आत ती आपल्या भिंगाला जाणवत नाही. दहा मिनिटे झाली की दांडा उलटा फिरवून पुन्हा आरंभ करावा.

उत्तरेकडे तोंड करून उभे राहिल्यास बिजागरी डाव्या हाताला हवी, आणि तिची रेषा ध्रुवताऱ्याकडे रोखलेली हवी. बिजागरीला समांतर अशी रिकाम्या बॉलपेनची नळी चिकटवावी आणि तिच्यातून ध्रुवतारा दिसेपर्यंत ट्रायपॉड जुळवावा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहून कमी दूर आहे. ५० मिलिमीटरच्या भिंगाने एक मिनिटाच्या उद्भासनात त्यामुळे येणारी चूक एका पिक्सेलच्या आतच राहते. खरी अडचण वेगळी आहे. ध्रुवताऱ्याची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते : कोल्हापूरला सुमारे १७ अंश, पुण्याला साडेअठरा, नागपूरला २१. युरोपात तो डोक्याच्या निम्म्या उंचीवर असतो. आपल्याकडे सह्याद्रीचा एखादा सुळका किंवा क्षितिजावरचे धुके त्याला सहज झाकते. म्हणून जागा निवडताना दक्षिणेचे आकाश मोकळे आहे एवढे पाहून भागत नाही. उत्तरेला खिंड हवी.

कॅमेऱ्याची जुळणी

प्रथम सर्व स्वयंचलित सोयी बंद कराव्यात. निवडचक्र 'एम'वर, भिंग हस्तचलित केंद्रीकरणावर, कंपनरोधक यंत्रणा बंद. ट्रायपॉडवर ही यंत्रणा नसलेले कंप शोधू लागते आणि स्वतःच चित्र हलवते. चित्राची नोंद 'रॉ' प्रकारात घ्यावी. जेपेग प्रकारात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. तेजोमेघाची फिकट कडा आणि आकाशाचा काळोख यांतील फरक या पायऱ्यांतच दडलेला असतो. रंगसंतुलन ४००० केल्विनच्या आसपास ठेवावे; रॉमध्ये ते नंतरही बदलता येते, म्हणून त्याचा फार विचार करू नये.

आयएसओ या आकड्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. तो वाढवल्याने संवेदक अधिक प्रकाश पकडतो, असे समजले जाते. प्रत्यक्षात प्रकाश तेवढाच येतो. मिळालेला संकेत किती पटींनी मोठा करून लिहायचा, एवढेच आयएसओ ठरवतो. ध्वनिवर्धकाची कळ फिरवल्याने वक्त्याचा आवाज बदलत नाही, तसेच हे. म्हणून ६४०० चा मोह टाळावा. काळोख्या जागी १६०० हा बहुतेक कॅमेऱ्यांना मानवतो. एक चित्र घेऊन त्याचा आलेख पाहावा. आलेखाचा उंचवटा डाव्या कडेपासून सुटून साधारण पाव रुंदीवर आला म्हणजे पुरे. डाव्या कडेला चिकटला तर आयएसओ वाढवावा, मध्याच्या पुढे गेला तर कमी करावा.

केंद्रीकरण ही सर्वांत नाजूक गोष्ट. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नये. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर व्याधाचा तारा आणावा, चित्र दहापट मोठे करावे आणि कडे अगदी हलक्या हाताने फिरवत तारा लहानात लहान करावा. नेमका बिंदू साधला की शेजारचे, आतापर्यंत न दिसणारे मंद तारे अचानक उमटतात. ती खरी खूण. मग कडे चिकटपट्टीने जखडून टाकावे. रात्र थंडावत जाते तसे भिंग किंचित आकुंचन पावते, म्हणून तासाभराने पुन्हा तपासावे. कळ बोटाने दाबल्यास कॅमेरा हलतो. दोन सेकंदांचा विलंब किंवा तारेचा रिमोट वापरावा.

चंद्रासाठी हे सारे बदलते. चंद्र हा सूर्यप्रकाशात न्हालेला खडक आहे. एफ/११ आणि आयएसओ २०० असता पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो. सूर्याकडे मात्र भिंगापुढे खास सौर गाळणी बसवल्याशिवाय कॅमेरा कधीही रोखू नये. डोळा आणि संवेदक दोन्ही जातात.

एक चित्र नव्हे, अनेक

चार सेकंदांचे एकच चित्र पाहून विद्यार्थी निराश होतो. त्यात तारे दिसतात, पण काळोखावर कणकण पसरलेले असतात. उपाय म्हणजे तेच चित्र पुनःपुन्हा घेऊन संगणकावर एकमेकांवर बसवणे. तारा प्रत्येक चित्रात असतो, कण मात्र दर वेळी वेगळ्या जागी. त्यामुळे सरासरी घेतली की तारा टिकतो आणि कण विरतात. सुधारणा चित्रसंख्येच्या वर्गमुळाइतकी होते : १६ चित्रांनी चौपट, १०० चित्रांनी दसपट, ४०० चित्रांनी वीसपट. शंभरावरून चारशेवर जाताना कष्ट चौपट आणि लाभ दुप्पट, हेही यातून दिसते. ३०० चित्रे म्हणजे २० मिनिटांचा प्रकाश. मृगाच्या तेजोमेघाचे पंख दिसण्यास तो पुरेसा होतो. डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल हे या कामाचे संगणकीय कार्यक्रम विनामूल्य मिळतात.

भिंगाला झाकण लावून, त्याच आयएसओवर आणि तितक्याच वेळाची वीसेक चित्रे त्याच जागी घ्यावीत. ही 'काळी चित्रे' संवेदकाचे स्वतःचे दोष नोंदवतात आणि ते वजा करता येतात. ती घरी येऊन घेण्याचा आळस करू नये. संवेदकातील उष्णताजन्य कण तापमानात सहा-सात अंशांची वाढ झाली की सुमारे दुप्पट होतात, त्यामुळे माळावरच्या थंडीतील दोष घरातल्या उबेत सापडणार नाहीत. मे महिन्यातील चित्रे जानेवारीतील चित्रांपेक्षा खरखरीत येतात त्याचे कारणही हेच.

माळावर

दख्खनच्या हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरते आणि चित्रे हळूहळू धूसर होत जातात; ते पुसू नये. पॉवर बँकेवर चालणारी उबदार पट्टी भिंगाभोवती गुंडाळावी. ती नसेल तर निदान भिंगाची टोपी लावावी. घरी परतल्यावर कॅमेरा लगेच पिशवीबाहेर काढू नये, आणि कोकणात राहणाऱ्यांनी तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा, नाहीतर भिंगावर बुरशी येते. थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादा बॅटरी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवावी. डोळा काळोखाला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाइलचा एक झोत ते सारे पुसून टाकतो; विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद बांधावा. एकट्याने जाऊ नये. ज्या गावाच्या हद्दीत बसणार तेथील पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवावे. जुन्नरसारख्या भागात बिबट्याचा वावर असतो, हे तेथील माणसे आपल्यापेक्षा चांगले जाणतात, त्यांचे ऐकावे.

शेवटी नोंदवहीविषयी. दिनांक, स्थळ, वेळ, भिंग, छिद्र, उद्भासनकाल, आयएसओ, चित्रसंख्या, हवा आणि उघड्या डोळ्यांना काय दिसले, एवढे त्याच रात्री मराठीत लिहून ठेवावे. यांतील शेवटची नोंद महत्त्वाची आहे. कॅमेरा मृगाचा तेजोमेघ गुलाबी दाखवतो. डोळ्याला तो करडा, धुरकट ठिपका दिसतो. दोन्ही खरे आहेत. डोंगर एका चित्रातून आणि आकाश दुसऱ्या चित्रातून घेऊन जोडले असेल तर तसे चित्राखाली लिहावे; वाचकाला ते न सांगणे ही लबाडी होय.

स्वाध्याय

१. आपल्या अथवा परिचिताच्या कॅमेऱ्यासाठी २४ मिलिमीटर, एफ/४ या जुळणीचा उद्भासनकाल दोन्ही सूत्रांनी काढा. पिक्सेलचा आकार ३.९ मायक्रोमीटर धरा.

२. आपल्या गावाचे अक्षांश शोधून ध्रुवताऱ्याची आणि आकाशगंगेच्या केंद्राची कमाल उंची सांगा. उत्तरेचे आकाश मोकळे असलेली जवळची जागा दिवसाउजेडी पाहून या.

३. पुढील ऑक्टोबर ते मे या काळातील अमावास्यांच्या लगतचे शनिवार दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवा आणि त्यांपैकी किती आपल्या हाती आहेत ते मोजा.